डावीकडे चढणारा उजेड

उजवा दिवा गेला खाइशीच्या वळणावर.
फुटला नाही, आवाज नाही,
नुसती अर्धी नदी दिसेनाशी झाली.

झुगदीदीच्या बाजारात बोन्दोने
काउंटरवर तीन डब्या मांडल्या.
हा पांढरा, एलईडी, थेट दिवसच.
हा निळसर, पोरं नेतात.
आणि हा साधा हॅलोजन, साठ-पंचावन्न वॅट,
त्याच्याकडे बोटही केलं नाही,
हनुवटीने दाखवला.
मी म्हटलं, आमच्या घाटात धुकं असतं.
पांढरा उजेड धुक्यात भिंत बांधतो,
पिवळा निदान दार ठोठावतो.
तो म्हणाला, घ्यायचा तर जोडीने घे,
एक गेला की दुसरा फार दिवस टिकत नाही.
हे त्याने मला सांगावं!
जोडी घेतली.

बॅटरीच्या मागे माझा पंजा शिरत नाही.
मारेखचा शिरतो. अकरा वर्षांची, मनगट म्हणजे काडी.
आधी रबराची टोपी ओढ.
आता तारेची कडी लागेल हाताला,
दाब, मग बाजूला सरकव. आधी दाब.
"दाबलं."
सुटली?
"सुटली. बाबा, हा आतून काळा झालाय."
जळतो तेव्हा तसाच होतो.
"मग हा दुसरा तर स्वच्छ आहे, तो का काढायचा?"
याला मला उत्तर सुचलं नाही.
तो मोज्यात गुंडाळून
डॅशबोर्डच्या खणात ठेवला, अडीअडचणीला.

नव्याच्या काचेला बोट लावायचं नाही,
बोटाचं तेल तापतं आणि काच तडकते,
हे मी तिला दोनदा बजावलं.
लावलंच तिने. सकाळपासून चीज मळत होती,
हाताला गाईचा वास.
मग कपाटातून चाचा काढली,
द्राक्षाच्या चोथ्याची, पुतण्याच्या लग्नात उरलेली.
फडक्यावर चार थेंब काचेसाठी,
एक घोट मेकॅनिकच्या बापासाठी.

अंधार पडल्यावर गाडी
चिचिकोच्या बुरुजासमोर दहा पावलांवर लावली.
इतकी शतकं शत्रूची वाट बघत उभा असलेला दगड,
त्यावर आमचे दोन दिवे.
मारेख म्हणाली, "बाबा, रेघ वाकडी आहे."
खरंच. मधोमध सपाट,
आणि डावीकडे उजेड हळूहळू वर चढत गेलेला.

तेव्हा कळलं.
ही गाडी जपानची. तिकडे डावीकडून चालतात,
म्हणून उजेड डावीकडे मान उंचावतो,
कडेची पाटी वाचायला,
सायकलवरचं पोर सांभाळायला.
इकडे डावीकडून समोरचा येतो.
सहा वर्षं ट्रकवाले मला दिवे मारून शिव्या घालत आले,
सहा वर्षं मी काच खाली करून ओरडत आलो,
अरे खालीच आहे, खालीच आहे!
गाडीची समजूत वेगळी होती, इतकंच.
आणि माझी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो
कधी कधी दिव्यामागे बसलेला असतो.

मारेखने काळ्या चिकटपट्टीचा त्रिकोण कापला.
वर, नाही, जरा खाली, अजून नखभर,
मी भिंतीशी उभा राहून हात हलवत होतो
विमानतळावरच्या माणसासारखा.
चढ उतरला.

रात्री बारीहून नार्गिझाचा फोन.
तिची म्हातारी आताच झोपली होती.
"काय उजेड पाडलास आज?"
दोन, मी म्हटलं.
ती हसली, मग तिकडून कुणीतरी इटालियनमध्ये हाक मारली
आणि ती गेली.

पहाटे चारला खाइशीच्या वळणावर
लाकडांचा ट्रक आला.
सवयीने मी डोळे बारीक करून घेतले,
आता मारेल, आता मारेल.
नाही मारले त्याने.
उलट, जाताना त्याच्या केबिनमध्ये दिसला
एक लोकरी टोपीतला माणूस,
काहीतरी चघळत होता.
सहा वर्षांत पहिल्यांदाच
या रस्त्यावर मला समोरचं कुणी दिसलं.